मोजणाऱ्याचा हात

१२ जानेवारी, सोमवार

काजल आज हसली! टेबलाच्या कडेला पाय सोडून बसली होती, टॅबलेटवरचा आकडा पाहिला आणि खुदकन हसली. ऑपरेशनच्या पायाचा जोर पंचवीस किलो, चांगल्या पायाचा एकतीस. म्हणजे ऐंशी टक्के. नव्वदच्या वर गेलीस की मैदानावर सोडते, असं तिला मी सुरुवातीलाच सांगून ठेवलंय. तेव्हापासून पोरीला दुसरं काही सुचत नाही. आल्या आल्या — ‘मॅडम, आज मोजता ना?’

नरखेडकडची पोरगी. गावाचं नाव विचारलं तर आधी फाटा सांगते, मग गाव. कबड्डीत चढाई करते. मागच्या एप्रिलात पकडीत सापडली आणि उजवा गुडघा जागच्या जागी फिरला. आतला लिगामेंट तुटला, मे महिन्यात ऑपरेशन. आता फेब्रुवारीच्या शेवटी एका खात्याच्या संघाची निवड आहे. संघात आली की नोकरी. पुढच्या वर्षी ती वयात बसत नाही, म्हणजे ही एकच संधी.

माझ्या हाताखालचा फिजिओ ऋषिकेश. त्याचं तुणतुणं चालूच आहे. ‘मॅडम, मशीन बेल्टनं टेबलच्या पायाले बांधू ना. हातात धरून आकडा पक्का नाही येत.’ पक्का नाही येत म्हणे! साबणाच्या वडीएवढं ते मशीन. पेशंटच्या नडगीवर टेकवायचं, त्याला म्हणायचं ढकल, आणि आपण जागचं हलायचं नाही. एवढंच तर आहे. हा पोरगा नवीन आला तेव्हा मीच त्याला शिकवलं — मोजणाऱ्याचा हात हलला तर तो आकडा मोजणाऱ्याचा, पेशंटचा नव्हे. आता तो मला बेल्ट शिकवतो! पोलिस भरतीची दांडगी पोरं मी याच हातावर थोपवली आहेत. आपला हात जगन्नाथ.

टॅबलेट मात्र त्याचा लाडका. आकडे आपोआप त्यात जातात, रंगीत आलेख निघतो, पेशंट खूश होतात. मी आलेख बघत नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. क्लिनिक बंद. वर पतंग, खाली मांजा, बाहेर पडायची सोय नाही.

तिळाच्या वड्यांचा डबा उघडेना. झाकण अगदी घट्ट बसलं होतं. शेवटी शेजारच्या मधुवंतीबाईंनी उघडून दिला, आणि वर म्हणाल्या, ‘लय जोर नाही लागला हो.’ आई म्हणाली, थंडीनं आकसते झाकण. असेल.

१९ जानेवारी, सोमवार

काजलसोबत आज जागेश्वरभाऊ आले होते, तिचे वडील. खुर्चीच्या टोकावर बसतात, जणू कुणी उठवायला येणार आहे. चपला दाराबाहेर. दर वेळी एकच प्रश्न — ‘गुडघा टिकन ना मॅडम?’ दर वेळी मी सांगते, टिकेल. मग मान हलवतात आणि थोडे मागे सरून बसतात.

पिशवीभर संत्री ठेवून गेले. ‘आपल्याच बगीच्यातले हायेत. सालीवर जाऊ नका, आतून गोड हायेत.’

मी वर घरी आले, सोलायला बसले. नख रुतेना! शेवटी सुरी घेतली. आई बघत होती — ‘काहून वं, संत्रं कापून राहिली? लिंबू हाय का ते?’ हसू आलं. फोड मात्र खरंच गोड होती. आईनं पाच-सहा संत्री सोलून वाटीत ठेवली, त्र्याऐंशीव्या वर्षी! उमरेडला मागावर बाबा बसायचे तेव्हा कांड्या भरायचं काम तिचं. बोटं अजून तशीच आहेत, एक मिनिट स्वस्थ राहत नाहीत. आमचं सगळ्यांचंच हातावर पोट. त्यांचा माग गेला, माझ्या वाट्याला लोकांचे गुडघे आले.

२६ जानेवारी, सोमवार

सोसायटीत झेंडावंदन. साडीची पिन लागेना. आईनं लावून दिली, लहानपणासारखी. उशीर झाला, राष्ट्रगीत जिन्यातच ऐकलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

त्र्याण्णव! ऑपरेशनचा पाय सत्तावीस, चांगला एकोणतीस. काजलनं टेबलावरून उडीच मारली. ओरडले मी तिच्यावर. पण आतून मलाही उडी मारावीशी वाटत होती.

ऋषिकेश आलेख घेऊन मागे लागला. ‘मॅडम, एक पाय वर गेला ते ठीक. चांगला पाय खाली काहून आला? एकतीसचा एकोणतीस?’ त्याला समजावलं. माणूस महिनोन्महिने बसून राहिला की चांगला पायही आळसावतो, पुस्तकात लिहिलंय. त्याचं समाधान झालं नाही. तोंडावर दिसत होतं.

त्याची शंका बावळट नाही, हे इथे लिहायला हरकत नाही. ही टक्केवारी फसवी असते. मशीन एका बाजूची दुसऱ्या बाजूशी तुलना करतं, बस. दोन्ही बाजू सारख्याच दुबळ्या असल्या तरी ते शंभर टक्के म्हणणार. दोन उपाशी माणसांचं वजन सारखं भरलं म्हणून दोघं धडधाकट होत नाहीत. म्हणून नुसते टक्के बघू नयेत, किलो बघावेत, हेही त्याला मीच शिकवलंय. पण काजलचं तसं नाही. पोरगी माझ्या डोळ्यांसमोर जिने चढते, उठाबशा काढते. मला काय दिसत नाही?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रताप नगर चौकात स्कूटरचा ब्रेक वेळेवर लागला नाही. समोरच्या रिक्षाला हलकाच धक्का. रिक्षावाला — ‘बाई, झोपेत चालवून राहिल्या का?’ ब्रेक ढिला झाला असेल म्हणून मेकॅनिककडे नेली. त्यानं दोन बोटांनी दाबून दाखवला. ‘लोण्यासारखा हाय मॅडम.’

मान असणार. दिवसभर वाकून काम, या धंद्यात सगळ्यांचीच मान जाते. मानेची नस दबली की हात ढिला पडतो. पेशंटला सांगते ते व्यायाम आता स्वतः करायला हवेत. उद्यापासून.

७ फेब्रुवारी, शनिवार

केले नाहीत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

शहाण्णव टक्के. ऑपरेशनचा सव्वीस, चांगला सत्तावीस. एका पायावरच्या उड्या मारायला लावल्या. उजव्या पायावर उतरताना पोरगी जरा दबकत होती. नवा गुडघा, भीती असणारच, म्हटलं.

खेळायला योग्य असल्याचा कागद लिहून दिला. सही वेडीवाकडी आली. काजल पाया पडली, मला ते आवडत नाही हे माहीत असून पडली. जागेश्वरभाऊंनी दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभे राहिले. काजलनं कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, मग ती पिशवी दुसऱ्या पिशवीत.

अशा दिवसासाठीच माणूस हा धंदा करतो. आज मी खूप खूश आहे. आईला शिरा करायला लावला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

काजल निवडीआधीच्या शेवटच्या व्यायामाला आली होती. ऋषिकेश पलीकडच्या टेबलावर एका क्रिकेटवाल्या पोराचा पाय मोजत होता. काजल पाहत होती. सहज म्हणाली — ‘ऋषिकेश सरचा हात नाही हलत. मॅडमचा हलते ना, मंग मी थांबून जाते.’

मी विचारलं, थांबतेस म्हणजे? ‘हाव ना. डाव्या पायानं जोर लावला का तुमचा हात मांगं सरकते. मले वाटलं इतलंच पाहिजे असन. अन् तुमाले लागन म्हणून...’

मी हसून म्हटलं, चल काहीतरीच! ऋषिकेशही हसला. पण त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

पोरगी काहीतरी बोलली असेल. पण ती खोटं कशाला बोलेल?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी ऋषिकेश डबा खायला गेला तेव्हा टॅबलेट घेऊन बसले. त्यात एक बटण आहे, सगळ्या पेशंटचे चांगले पाय एकाखाली एक दाखवणारं. कधीतरी त्यानं मोठ्या हौसेनं दाखवलं होतं, मी ‘बरं बरं’ करून वाटेला लावलं होतं. आज दाबलं.

माझे पेशंट. बॅडमिंटनवाली, पळणारा पोलिस, कॉलेजातली खो-खोची पोरगी, काजल. वयं वेगळी, वजनं वेगळी. आणि हे सगळे त्यांचे धडधाकट पाय, ज्यांना काही झालेलं नाही. सप्टेंबरात सगळे छत्तीसच्या आसपास. नोव्हेंबरात तेहतीस. आता सत्तावीस. सगळे एकाच ओळीत खाली उतरत आलेले, शाळेतल्या रांगेसारखे.

ऋषिकेशनं मोजलेल्या पेशंटची ओळ सरळ आहे.

इतक्या माणसांचे चांगले पाय एकाच वेळी कसे थकतील? थकलं एकच माणूस. या सगळ्यांच्या नावाखाली महिनोन्महिने माझाच हात मोजला जात होता! पाय कितीही जोरात ढकलो, माझा हात जिथे हार मानायचा तिथे आकडा थांबायचा. काजलचा चांगला पाय तिथेच थांबला, दुबळा पायही तिथेच पोचला. दोन्ही सारखे. शहाण्णव टक्के.

आणि मी तो कागद लिहून दिला. माझ्या सहीवर ती पोरगी मैदानात उतरणार, पकडीत सापडणार, त्याच गुडघ्यावर चार जणींचं वजन पडणार.

ऋषिकेश आला. त्याला सांगितलं, उद्या बेल्ट लाव. तो म्हणाला, ‘हो मॅडम.’ मी तुम्हाला म्हटलं होतं, असं काही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

काजलला फोन करून बोलावलं. पहिल्या एसटीनं आली. तिला वाटलं, निवडीसाठी काही खास टिप द्यायची असेल. बाकी पेशंट नव्हते.

बेल्ट टेबलाच्या पायाला, मशीन बेल्टमध्ये. मध्ये माझा हात नाही. ऋषिकेश टॅबलेट धरून उभा. तिला म्हटलं, जीव खाऊन ढकल, थांबायचं नाही.

चांगला पाय — सेहेचाळीस!

‘अरे वा!’ म्हणाली. तिला वाटलं, आपली ताकद वाढली. माझ्याकडे वळून बघत होती. मी दुसऱ्या पायाकडे बोट केलं.

ऑपरेशनचा पाय — बत्तीस. पुन्हा ढकलायला लावलं. एकतीस. पुन्हा. बत्तीस.

सत्तर टक्के. हिशेब तिनंच केला, टॅबलेटनं दाखवायच्या आधी. टक्क्यांच्या मागे लागून पोरगी या हिशेबात तरबेज झाली आहे. चेहरा उतरत गेला तो मी पाहिला. नजर काढून घ्यायचा मला हक्क नव्हता.

मी सांगितलं. चूक माझी आहे. माझ्या हातात जोर राहिला नाही आणि ते मला कळलं नाही. सत्तर टक्क्यांवर खेळलीस तर गुडघा पुन्हा जाऊ शकतो, आणि दुसऱ्यांदा गेला तर कबड्डी कायमची संपली. कागद परत दे.

‘नाही देत.’

पंखा बंद होता तरी मी वर पंख्याकडे बघत होते. शेवटी तिनं बॅग उघडली. पिशवीतली पिशवी काढली, त्यातून कागद. माझ्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला. बुटाची नाडी बांधता बांधता, खाली मान घालून म्हणाली — ‘हात तुमचा हलला मॅडम, अन् नोकरी माझी गेली.’

यात काय चूक आहे? काही चूक नाही.

ऋषिकेश तिला बस स्टँडवर सोडायला गेला. मी फरशी पुसली. पुसायची गरज नव्हती.

२३ फेब्रुवारी, सोमवार

जागेश्वरभाऊंचा फोन. ‘पोरगी जेवून नाही राहिली मॅडम. तिचे कोच म्हणतात का बाकीच्या पोरी गुडघ्याले पट्टी बांधून खेळतात. खेळू द्यावं का?’

नको म्हटलं. कारणं सांगितली. आवाज घट्ट ठेवला. पलीकडून नुसतं ‘हाव... हाव...’ येत राहिलं. फोन ठेवल्यावर वाटलं, ती खेळली असती आणि काहीच झालं नसतं तर? असंही झालं असतं. सत्तर टक्क्यांवर खेळून निभावलेले लोक आहेत. न झालेली दुखापत कुणाला दिसत नाही. हुकलेली नोकरी मात्र सगळ्या गावाला दिसेल.

माझ्या हातून मोजलेल्या बाकीच्या पेशंटनाही फोन केले. परत या, परत मोजायचं आहे. बॅडमिंटनवालीची आई म्हणाली, ‘मग आधी काय मोजलं होतं?’ मी म्हटलं, आधी चुकलं. तिनं फोन ठेवला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज उन्हात हात नीट पाहिला. गॅलरीत, दाराला कडी घालून.

अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, यांच्यामधला उंचवटा बसला आहे. तिथे खळगा आहे. पेशंटच्या हातावर असा खळगा असेल तर मी दारातून ओळखते. आणि हा माझ्याच मांडीवर पडलेला हात! रोज पोळी याच हातानं तोडते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ऋषिकेश गेल्यावर बेल्ट लावून उजवा हात मोजला. मनगट वर उचलायचं, मशीनवर ढकलायचं. माझ्या वयाच्या बाईचे बारा-तेरा किलो यायला हवेत. सहा आले.

नावं मला माहीत आहेत. एक बरं नाव — मानेची नस. एक मधलं — मनगटातली नस, छोटं ऑपरेशन, काम होतं. आणि एक तिसरं, ज्याला ऑपरेशन नाही, औषध नाही. पहिली दोन असतील तर दुखतं, मुंग्या येतात. माझा हात दुखत नाही. एकदाही दुखला नाही. दुखला असता तर मी कधीच पाहिलं असतं.

पण तिसरं नाव एका हातावर थांबत नाही. माझा डावा ठणठणीत आहे. म्हणजे मानच.

डावा मोजला नाही. गरज नाही.

मला भीती वाटते. लिहून टाकलं, बस.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज निवड होती. काजल गेली नाही. दिवसभर फोन जवळ ठेवला होता. कुणाचा यायचा होता, कुणास ठाऊक.

२ मार्च, सोमवार

आई — ‘काहून वं हर्षा, कप दोन्ही हातानं धरून राहिली?’

थंडी आहे म्हटलं. नागपुरात, मार्चमध्ये! आईनं तिच्या कपाखालची बशी माझ्या कपाखाली सरकवली.

५ मार्च, गुरुवार

जागेश्वरभाऊ एकटेच आले. मोटरच्या पार्टसाठी नागपूरला आले होते, म्हणाले. पिशवी नव्हती. पहिल्यांदाच खुर्चीत नीट टेकून बसले.

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ‘संघात दुसऱ्या गावची पोरगी घेतली. चांगली हाय तेही पोरगी.’ मग — ‘गुडघा गेला असता तं जलमभर बसली असती. आता नुसती रागानं बसली हाय. राग काय, जाते.’

उठताना दारात वळले. ‘पण मॅडम, एक विचारू? इतले दिवस तुमाले समजलं काहून नाही?’

काय सांगू? आकड्यांवर विश्वास होता, हे खोटं आहे. आकडे तर ओरडून सांगत होते. माझा हातावर विश्वास होता. मी म्हटलं, नाही समजलं भाऊ. ते ‘बरं’ म्हणून गेले. चपला घालायला खूप वेळ लावला त्यांनी.

९ मार्च, सोमवार

काजल आली! नमस्कार नाही, काही नाही. सरळ जाऊन टेबलावर बसली. ऋषिकेशनं बेल्ट लावून मोजलं. ऑपरेशनचा पाय चौतीस. दोन किलो वाढलेत. म्हणजे घरी व्यायाम सोडला नव्हता. रागातही सोडला नव्हता.

मी लांबून सूचना दिल्या. एकीलाही उत्तर आलं नाही, पण सगळ्या पाळल्या. जाताना ऋषिकेशला म्हणाली, ‘सर, जिल्ह्याची स्पर्धा कधी असते?’ त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ऑक्टोबर. तिनं ऐकलं.

आता माझ्या टेबलावरचे सगळे पेशंट ऋषिकेश मोजतो. मी शेजारी उभी राहते, हात मागे बांधून. लोकांना वाटतं, मॅडम मोठ्या झाल्या, आता नुसती देखरेख करतात.

१२ मार्च, गुरुवार

धंतोलीतल्या नसांच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ मिळाली. आईला सांगितलं नाही.

काजल आज बोलली. व्यायाम करता करता, माझ्याकडे न बघता — ‘तुमचा हात मोजला का मॅडम?’

मोजला.

‘कोणता?’

उजवा.

‘अन् दुसरा?’

तो चांगला आहे, म्हटलं.

‘मले तं दर बारी दोन्ही मोजायले लावता. मी म्हणो का मॅडम, हा पाय चांगला हाय, ऱ्हाऊ द्या. तं तुम्ही म्हणा, चांगला किती चांगला हाय ते समजलं पाहिजे.’

माझंच वाक्य. जसंच्या तसं. उद्या मोजू, असं म्हणून मी विषय संपवला. तिनं पक्कं लक्षात ठेवलेलं दिसतंय. ‘उद्या मी धरतो मशीन’ म्हणाली, पोरांसारखं.

१३ मार्च, शुक्रवार

काजलनं बेल्ट लावू दिला नाही. मशीन हातात धरलं, पाय रोवून उभी राहिली. मी ढकललं, होतं नव्हतं ते सगळं लावून. तिचा हात तसूभरही हलला नाही.

उजवा सहा. डावा सहा.

‘मॅडम, दोन्ही बराबर! शंभर टक्के!’ निवड हुकल्यापासून काजल आज पहिल्यांदा हसली.